खरखरीतली शिवण

रत्नप्रभाच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

खाडीच्या कडेला पिंड ठेवून आम्ही लांब उभे होतो. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. तिचा धाकटा भाऊ कुंडलिक भांडुपहून आला होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "ताई, कुंदाचा बाळंतपण आमी नीट करू. तू काळजी करू नको." कुंदा आमची एकुलती मुलगी. सासर नाशिकला, तेव्हा तिला चौथा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी आई नाही. सगळ्यांना वाटलं, जीव त्यातच अडकला असणार. कावळा हलला नाही. मी म्हटलं, "गावच्या देवीची ओटी भरीन." कुणी म्हणालं, घरावर स्लॅब टाकतो म्हणा. तेही म्हटलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्हाला आंघोळीला पाठवलं.

परत येताना कुंडलिक म्हणाला, "भावोजी, तुमका तरी म्हायत असात. तिचा काय रवला?"

तिचं काय राहिलं, मला माहीत नव्हतं. कावीळ झाली, डोक्यात गेली, शेवटचे दिवस ती शुद्धीवरच नव्हती. काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही. इतकी वर्षं एका घरात काढून तिला काय हवं होतं ते मला सांगता येईना. तेराव्याला कुंडलिकनं तिचं शिलाई मशीन बायकोसाठी मागितलं. मी देऊन टाकलं. मशीन गेलं तशी खोली फार मोठी दिसायला लागली.

मी गिरणीत साचेवाला होतो, म्हणजे मागावर कापड विणायचो. संपानंतर गिरणी बंदच पडली. मग आम्ही चारकोपला या बैठ्या घरात आलो. इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत एका गाळ्याचं स्टोअर मी सांभाळतो. सहाला सुटतो, घरी येऊन देवाजवळ दिवा लावतो आणि रेडिओ घेऊन बसतो. संपाच्या दिवसांत शॉर्टवेव्हवर बाहेरच्या स्टेशनच्या हिंदी बातम्या ऐकायची सवय लागली, ती राहिली.

रत्ना गेल्यावर त्या बातम्या ऐकू येईनात. नुसती खरखर. आधीही यायची, पण तेव्हा कारण माहीत होतं. तिचे गुडघे दुखायचे म्हणून मशीनला मोटर बसवली होती, आणि ती शिवायला बसली की रेडिओ करकरायचा. मी म्हणायचो, "अगं, बातम्या तरी ऐकू दे." ती म्हणायची, "बातम्या उद्या पेपरात येतील. हा ब्लाऊज आज द्यायचाय."

आता मशीन घरात नव्हतं आणि खरखर वाढली होती.

इस्टेटीच्या तोंडाशी चंद्रप्रकाशचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिशीतला माणूस, बडबड्या. त्याला रेडिओ दाखवला. त्यानं उघडला, बंद केला आणि म्हणाला, "सेट झकास आहे काका. वाट लावलीय ती तुमच्या घरानं. येतो संध्याकाळी."

आला. पहिल्यांदा त्यानं रेडिओ लाइटीवरून काढून सेलवर लावला. "अर्धी घाण वायरीतनंच येते," म्हणाला. मग मला मेन स्विच बंद करायला लावला. अंधार झाला आणि खरखर एकदम खाली आली. "बघा. म्हणजे एवढी तुमच्या घरातली. आता स्विच चालू करा आणि एकेक वस्तू लावा."

दिवा लावला, काही नाही. पंखा लावला, काही नाही. ट्यूब लावली आणि रेडिओ किंचाळला. ट्यूबचा चोक गेलेला होता. ट्यूब काढून मी साधा बल्ब लावला.

उरलेली खरखर बाहेरची होती. आमच्या आणि शेजारच्या वनमाला वहिनींच्या घरात एकच भिंत आहे. रेडिओ त्या भिंतीकडे नेला की आवाज वाढायचा. चंद्रप्रकाशनं त्यांच्या पंख्याचा रेग्युलेटर शोधून काढला.

"मग काय पंखा बंद करून बसू मी?" वहिनी म्हणाल्या. "उकडून मरेन, आणि भावोजी बातम्यांत ऐकतील, चारकोपला एक बाई मेली."

"नवा बसवून देतो, वहिनी," मी म्हटलं.

"आणि रंग पण काढून द्या घराला. तुमच्या बातम्यांत व्यत्यय नको."

वहिनीही शिवणकाम करतात, पायानं चालवायच्या मशीनवर. रत्ना आणि त्या एकमेकींची कामं करायच्या. दुपारी कात्री एकीची, टेप दुसरीची.

पुढच्या रविवारी चंद्रप्रकाशनं छपरावर तांब्याची तार ताणली. विजेच्या खांबावरची तार ज्या दिशेनं जाते तिच्या आडवी. तिथून खाली टीव्हीची जाळीवाली वायर आणली, म्हणजे वाटेत घरातली खरखर आत शिरू नये. मग अर्थिंग राहिलं. दाराजवळ मी हातभर खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी ठेवली, वर कोळसा आणि मीठ, वर माती, वर पाणी.

वहिनी दारात उभं राहून बघत होत्या. "काय पुरताय?"

"खरखर," चंद्रप्रकाश म्हणाला.

"नीट पुरा. वर नाही आली पाहिजे."

त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि पंचवीस मीटरच्या बँडवर काटा नेला. बातम्या स्वच्छ लागल्या. इतक्या स्वच्छ मी कधीच ऐकल्या नव्हत्या. आणि त्या बातम्यांच्या मागे, अगदी बारीक, एक आवाज उरला होता.

गिरणीत एका माणसाकडे चार साचे असायचे. खात्यात शेकडो साचे एकाच वेळी चालायचे, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी कळायचं नाही. पण आपल्या साच्याचा धोटा जरा अडखळला तर पाठ फिरवलेली असतानाही आपल्याला समजायचं. दुसऱ्याला नाही, आपल्यालाच. ते कान कुणी शिकवत नाही. ते वर्षांनी होतात.

त्या कानांनी मी तो आवाज ओळखला. घर्र, थांब. घर्र, थांब. मग एक लांब घर्र, शेवटाला जरा हळू, कारण कापडाची कड जवळ आली की ती पाय उचलायची. मग एक छोटी मागे, एक छोटी पुढे, शिवण उसवू नये म्हणून. मग धागा तोडण्यापुरती शांतता.

ती रत्ना शिवत होती.

मी मेन स्विच बंद केला. आवाज चालूच. वहिनींना सांगून त्यांचाही स्विच बंद करवला. आवाज चालूच. इस्टेट केव्हाच बंद झाली होती. तासाभरानं आवाज थांबला, ती रोज भात टाकायला उठायची त्या सुमाराला.

चंद्रप्रकाशला सांगितलं तर म्हणाला, "कुणाच्या तरी मशीनची मोटर आहे काका. मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात, त्या लांबपर्यंत ऐकू येतात. मशीन सापडू द्या, मी मोटरलाच कंडेन्सर लावतो. आवाज जिथं उठतो तिथंच मारायचा असतो."

मारायचा आहे असं मी म्हटलंच नव्हतं. मला कळायला हवं होतं, ती काय शिवते. कारण एवढं मला पटलं होतं, की जे राहिलं ते हेच.

शनिवारी मी रेडिओ पिशवीत घालून भांडुपला गेलो. कुंडलिकच्या घरी मशीन खिडकीखाली होतं. वर जुनी साडी टाकलेली, मोटरची वायर गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. कुंडलिकची बायको सुगंधा म्हणाली, "आणलं तेव्हापासून एकदा पण बसले नाही, भावोजी. वेळच मिळत नाही."

दिवेलागणीला मी मशीनसमोर बसलो आणि रेडिओ लावला. आवाज आला. घरच्यापेक्षा मोठा. मी साडी बाजूला केली. चाक हलत नव्हतं. सुईत धागा नव्हता. रेडिओत मात्र एक लांब शिवण चालली होती.

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

कुंडलिक वाकून ऐकत होता. "खरखर आसा नुसती. ह्या भागात स्टेशन लागणाच नाय."

सुगंधा आत गेली आणि चहा घेऊन परत आली, तेव्हा मशीनपासून लांबून फिरून आली. निघताना मी मोटरला हात लावला. मोटर गरम होती. इस्त्री बंद केल्यावर थोड्या वेळानं असते तेवढी.

मी ते कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींना बोलावलं आणि म्हटलं, "तुम्ही शिवणाऱ्या. नुसतं ऐका आणि सांगा, काय शिवलं जातंय."

त्या हसल्या. "आता कान लावून कपडे ओळखायचे? भावोजी, दोन दिवस रजा काढा आणि झोपा." पण बसल्या. आधी पदराचा वारा घेत होत्या. मग पदर तसाच हातात राहिला.

वहिनी म्हणाल्या, "ही रत्ना."

"हो."

"मागे-पुढे टाका घालायची तिची खोड. मी सांगायचे, एवढा कशाला गं, गिऱ्हाईक काय पहिलवान आहे?" त्यांनी रेडिओकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघत राहिल्या. "बंद करा तो."

"काय शिवतेय ते सांगा. मग करतो."

त्यांनी डोळे मिटले. "ही पट्टी झाली. समोरची, बटणांची. ब्लाऊजची एवढी लांब नसते. पुरुषाचं आहे काहीतरी. सदरा." मग थांबल्या. "आता बारीक बारीक चार. उलटवलं. परत चार. खिसा आहे, पण वरून लावायचा नाही. आतला, चोरखिसा."

माझा हात छातीपाशी, जुन्या खिशाच्या जागी गेला.

"असला खिसा आता कोण मागतं?" वहिनी म्हणाल्या. "गिरणीचा पास ठेवायला लागायचा तुम्हा लोकांना. तुमचाच आहे हा, भावोजी. तुमच्यासाठी सदरा शिवतेय ती."

त्यानंतर त्या रोज संध्याकाळी यायला लागल्या. यायचं नाही म्हणायच्या आणि यायच्या. रत्ना सदरा सावकाश शिवत होती. एक शिवण घालायची, ती मनासारखी झाली नाही तर दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा. एका आठवड्यात खांदे झाले. कॉलरला फार दिवस लागले. वहिनी ऐकता ऐकता सांगायच्या, जसं कुणी आजाऱ्याची नाडी बघून सांगतं. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, दोन शेजारी बातम्या ऐकतायत.

एकदा मी विचारलं, "वहिनी, मेलेलं माणूस जिवंत माणसाला सदरा का शिवतं?"

"मला काय माहीत. मी अजून मेले नाही."

पण मग त्या हळू म्हणाल्या, "नवा सदरा आपण कधी शिवतो? कुठं जायचं असलं की."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मला एवढंच कळत होतं, की तिचं काय राहिलं ते आता विचारता येईल. कावळ्याला विचारलं तेव्हा त्यानं उत्तर दिलं नव्हतं. इथं निदान समोरून काही ऐकू येत होतं. म्हणून ज्या संध्याकाळी पहिली बाही लागली, त्या संध्याकाळी मी रेडिओसमोर हात जोडले. वहिनी होत्याच.

"रत्ना," मी म्हटलं, "कुंदाला पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. सगळं मी बघीन."

शिवण चालू राहिली.

"देवीची ओटी भरली. कुंडलिक जाऊन आला."

शिवण चालू राहिली.

"स्लॅब टाकायचा आहे. टाकीन. तुझं मशीन परत आणू का? कुणाला काही द्यायचं राहिलं का? सांग ना. काय हवंय तुला?"

तेच. घर्र, थांब. घर्र, थांब. दहाव्याला उन्हात उभं राहिल्यावर माणसाच्या तोंडून जसं काहीही निघतं, कावळा एकदाचा शिवावा म्हणून, तसं झालं. मी म्हटलं, "बरं, मी येतो. मीच येतो तुझ्याकडे. मग झालं?"

आवाज थांबला.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तेवढ्यात रेडिओत शिवण पुन्हा सुरू झाली. आता ती सावकाश नव्हती. सणाच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक दारात बसलेलं असायचं, तेव्हा रत्ना शिवायची तशी. थांबणं नाही, मागे-पुढे टाका नाही. नुसती लांब धाव.

"काय बोलून बसलात," वहिनी म्हणाल्या. "असा शब्द देतात का? मागे घ्या. आत्ता घ्या."

"रत्ना, आत्ता नको गं," मी म्हटलं. "कुंदाचं व्हायचंय. तिला कोण आहे?"

पण ती शिवत होती. शिवताना तिला हाक ऐकू यायची नाही, मोटरचा आवाज कानाशीच असायचा. घरात असतानाही मला उठून तिच्या खांद्याला हात लावावा लागायचा.

त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. आधी वाटली नव्हती. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी संध्याकाळची वाट बघायचो. तिच्याकडे जायला माझी ना नाही. पण कुंदाला मी फोन करून म्हटलं होतं, घाबरू नकोस, मी आहे.

दुसरी बाही एका संध्याकाळी झाली. दोन्ही बाजू एका संध्याकाळी. चंद्रप्रकाशकडून मी कंडेन्सर आणला आणि भांडुपला गेलो. त्यानं सांगितला तसा तो मोटरला लावला. साडी पुन्हा नीट टाकली. घरी येऊन रेडिओ लावला, तर काही फरक नव्हता. वहिनी म्हणाल्या, "आता तळ दुमडतेय. शेवटची शिवण."

कुंदाला मी नाशिकहून घेऊन आलो. तिचं पोट बघून वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "मुलगा आहे गं. बापासारखा आडवा पसरलाय." संध्याकाळी दिवा लावला. कुंदा रेडिओजवळ येऊन बसली. मी काटा फिरवला आणि थांबलो.

बातम्या लागल्या. मागे काहीच नव्हतं. माणूस समोर बसून बोलावा तसा तो बातम्या देणारा बोलत होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मी बातम्या संपेपर्यंत ऐकलं. नंतरचं गाणं ऐकलं. स्टेशन बंद झालं, तरी मागून काही आलं नाही.

"काय क्लिअर येतो हो बाबा," कुंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश येऊन ऐकून गेला. फार खूश झाला. "अर्थिंग मुरलं काका. मीठ विरघळायला वेळ लागतो. आता बघा, अख्ख्या कांदिवलीत असा सेट कुणाचा नाही."

तो गेल्यावर मी वहिनींना दारात गाठलं. "थांबलं," मी म्हटलं. "कंडेन्सरनं असेल. नाहीतर ऐकलं असेल तिनं माझं."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "शिवण संपली, भावोजी. तळ दुमडून झाला की मशीनचं काम संपतं."

"मग सदरा झाला?"

"काजं-बटणं राहतात. ती हातानं करायची."

"त्याला किती वेळ लागतो?"

"रत्ना गप्पा मारत करायची. मनात असलं तर दोन दिवस, नसलं तर महिना." त्यांनी एक खडा काढून बाहेर टाकला. "हाताच्या सुईचा आवाज तुमच्या रेडिओत नाही येणार. कितीही साफ करा."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तिला बटणं कुठून मिळणार?"

"ती कधी नवी आणायची? जुन्या सदऱ्याची काढून लावायची. अजून चांगली आहेत म्हणायची."

मी घरात आलो. माझा सदरा खुंटीला होता, तिनं शिवलेला शेवटचा. पट्टी हातात घेतली. वरचं बटण नव्हतं. तुटून पडलं असतं तर धाग्याची टोकं लोंबली असती. धागा कापडाला लागून सरळ कापलेला होता, दोन्ही बाजूंनी, कात्रीनं.

त्याच्या खालचं बटण पुढच्या आठवड्यात गेलं. मी आंघोळीला गेलो होतो आणि सदरा मोरीच्या दारावर टाकला होता, तेवढ्या वेळात.

आता दोन उरली आहेत. मी सदरा अंगातून काढत नाही. आंघोळ करताना तो पाटावर समोर ठेवतो आणि एक हात त्यावर ठेवून दुसऱ्या हातानं अंगावर पाणी घेतो. झोपताना उताणा झोपतो, पट्टी मुठीत धरून. वहिनी विचारत नाहीत, पण सकाळी पाणी भरायला आल्या की आधी माझ्या छातीकडे बघतात, मग नळाकडे.

कुंदाला नववा लागला आहे. आईच्या पिंडाला कावळा शिवला नाही एवढंच तिला माहीत आहे, बाकी मी काही सांगितलेलं नाही. काल ती बादली घेऊन समोर उभी राहिली.

"बाबा, तो सदरा द्या. वास मारतोय. भिजत घालते."

"उद्या."

"काल पण उद्याच म्हणालात. असं काय सोनं लागलंय त्याला?"

मी पट्टीवर हात ठेवला. दोन्ही होती.

"तुझं एकदा होऊ दे," मी म्हटलं. "मग देतो."